छपरापासून टेबलापर्यंतची केबल

(रत्नागिरी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘उपग्रहाद्वारे इंटरनेट’ असा छापलेला आहे. विषय फार मोठा आहे, आणि मी कला शाखेचा पदवीधर आहे, अवकाशशास्त्राचा अभ्यासक नव्हे. म्हणून उपग्रहासंबंधी थोडे सांगून मी आपले लक्ष एका अगदी सामान्य वस्तूकडे वेधणार आहे. ती वस्तू म्हणजे छपरावरच्या तबकडीपासून आपल्या टेबलापर्यंत येणारी केबल.

उपग्रहाचा आणि महाराष्ट्राचा संबंध नवा नाही. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे विक्रम भू-उपग्रह केंद्र 1971 साली सुरू झाले. 1975-76 मध्ये सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या सहांत आपले राज्य नव्हते. तेव्हाचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर असल्यासारखे भासत. आता ज्यांची चर्चा आहे ते उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरून सतत फिरत असतात. 5 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर स्वाक्षरी केली. शासकीय संस्था आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांसारखे दुर्गम भाग जोडणे हा त्यामागील हेतू होता. त्या नावांत रत्नागिरी नाही. पण दुर्गमता हा काही केवळ चार जिल्ह्यांचा मक्ता नाही, हे मंडणगड किंवा संगमेश्वरच्या डोंगरातील वाड्यांवर जाणाऱ्या शिक्षकांना मी सांगावयास नको.

शिवाय आपल्याकडे या साधनाची गरज नेमकी केव्हा भासते, हेही आपण अनुभवलेले आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आणि माडपोफळी एकदमच आडव्या झाल्या. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, वीज गेली, भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले आणि कोण कोठे अडकले आहे हे कळेनासे झाले. अशा वेळी ज्याचा मार्ग आकाशातून आहे ते साधन चालू राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु आकाशातून 550 किलोमीटर आलेला संदेश पुढच्या तीस मीटरमध्ये थांबला, तर त्याचा उपयोग काय?

हे मी कल्पनेने बोलत नाही. आपल्याच जिल्ह्यातील एका कार्यालयात, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, अशी एक जोडणी पहिल्या पावसाळ्यातच बंद पडली. तबकडी उत्तम होती. दोष केबलमध्ये होता. खोलीत वापरावयाची राखी रंगाची साधी केबल छपरावरून आणलेली होती. उन्हाने तिचे आवरण तडकले आणि पाणी आत शिरले. ते केबलच्या पोटातून वाहत थेट भिंतीवरील यंत्रात उतरले. मी स्वतः ते यंत्र उलटे केले तेव्हा त्यातून पाणी सांडले. खरेदीची नस्ती मी पाहिली. दरपत्रके तीन होती, कार्यपद्धती निर्दोष होती आणि सर्वांत कमी दर स्वीकारलेला होता. मात्र मागणीपत्रात एवढेच शब्द होते: ‘केबल, 40 मीटर’. पुरवठादाराने चाळीस मीटर केबल दिली. त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून मागणीपत्रात काय लिहावे, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

आरंभ जागेपासून करावा. फिरत्या उपग्रहांसाठी तबकडीला मोकळे आकाश लागते. आपली घरे आणि शाळा माड, आंबा, फणस यांच्या सावलीत असतात. त्यामुळे तबकडी अनेकदा इमारतीपासून दूर, सड्याच्या उघड्या कडेला न्यावी लागते आणि केबल लांबते. अनेक संचांत वीज आणि माहिती एकाच केबलमधून जाते व तिची टोके त्या कंपनीच्या खास आकाराची असतात. ती केबल कापून जोड देऊ नये. अधिक लांबीची मूळ केबलच मागवावी. आपली स्वतंत्र केबल लावावयाची झाल्यास तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर आहे, हे ध्यानी ठेवावे.

आता धातूचा प्रश्न. बाजारात दिसावयास तांब्याची, पण आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी केबल स्वस्त मिळते. ॲल्युमिनियमचा विद्युत रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. तार वाकवली की लवकर तुटते, आणि खाऱ्या दमट हवेत मुलामा कोठे खरवडला गेला की तेथून ती झिजू लागते. चुंबकाने ही लबाडी ओळखता येत नाही, कारण दोन्ही धातू चुंबकाला चिकटत नाहीत. चाकूने तार खरवडावी. आत पांढरे दिसले, तर ते तांबे नव्हे. मागणीपत्रात ‘संपूर्ण तांब्याची, भरीव तारेची’ हे शब्द हवेत. वीज वाहणाऱ्या सुट्या केबलची तार कलई केलेली मिळाल्यास किनाऱ्यावर ती अधिक टिकते. पितळेच्या भांड्याला कलई का करतात हे आपल्या घरच्या मंडळींना पक्के ठाऊक असते. येथेही तत्त्व फारसे वेगळे नाही.

तारेची जाडी किती असावी, हा मला सर्वांत अवघड गेलेला भाग. ओहमचा नियम शाळेत पाठ केला होता, पण तो कधी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. आमच्या वायरमनने कागदावर करून दाखविलेले गणित आपणांसही सांगतो. काही लहान संच बॅटरीवर, म्हणजे 12 ते 48 व्होल्टवर चालतात, आणि वीज गेल्यावर सौर बॅटरी हाच आधार असतो. समजा, संचाला 36 वॅट लागतात आणि बॅटरी 30 मीटर दूर आहे. बॅटरी 12 व्होल्टची असेल तर 3 अँपिअर प्रवाह वाहील. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाण्यायेण्याच्या 60 मीटरचा रोध सुमारे पाऊण ओहम होतो. म्हणजे सव्वादोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडले आणि यंत्राजवळ पोहोचले पावणेदहा. संच सुरू होतो, क्षणभर अधिक वीज ओढतो, दाब आणखी उतरतो आणि संच बंद पडतो. पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. आपण दोष उपग्रहाला देतो. हेच काम 48 व्होल्टवर केले, तर प्रवाह पाऊण अँपिअर आणि वाटेतील घट केवळ अर्ध्या व्होल्टच्या आसपास. 12 व्होल्टच वापरावयाचे असतील, तर 4 चौरस मिलिमीटरची तार घ्यावी; तिच्यात घट एका व्होल्टच्याही आत राहते. किंवा बॅटरीच तबकडीजवळ न्यावी. तात्पर्य, दाब कमी तेवढी तार जाड, आणि अंतर वाढेल तशी आणखी जाड.

230 व्होल्टची केबल उघड्यावरून नेताना प्रश्न संचाचा नसून माणसाच्या जिवाचा असतो. तेथे आयएसआय चिन्ह असलेली केबलच घ्यावी. जमिनीखालून न्यावयाची असल्यास आयएस 1554 प्रमाणे पोलादी कवचाची घ्यावी आणि तो मार्ग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावा. सोबत माहितीची केबल एकाच नळीत घालण्याचा मोह होतो, कारण खोदाई एकदाच करावी लागते. तो टाळावा. दोन नळ्या, मध्ये निदान हातभर अंतर, आणि एकमेकींना ओलांडावयाचे झालेच तर काटकोनात.

खोदाई म्हटले की आपल्याकडे कातळ आडवा येतो. वीजकेबल पाऊण मीटर खोल पुरावी असा संकेत आहे. जांभ्याच्या सड्यावर ते प्रत्येक ठिकाणी साधत नाही. तेथे काळ्या एचडीपीई नळीतून, गडग्याच्या पायथ्याशी पक्क्या पकडीने बांधून केबल न्यावी. पांढरी साधी नळी उन्हाने ठिसूळ होते आणि लोखंडी नळी खाऱ्या वाऱ्याने गंजते. माडाला बांधून केबल लोंबकळत नेणे तर टाळावेच. माड वाऱ्यात डोलतो आणि वादळात पडतो. वानरांनाही लोंबती केबल फार आवडते. नळीची तोंडे बंद करावीत, नाही तर घुशी आणि मुंग्या आपल्याआधी तिचा ताबा घेतात.

केबलचे बाहेरचे आवरण काळ्या पॉलिथिनचे, अतिनील किरणांना तोंड देणारे असावे, आणि जमिनीखालच्या भागासाठी आत जेली भरलेली केबल मागवावी. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हा खर्च उधळपट्टी ठरत नाही. भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. केबल भोकाखाली वीतभर लोंबू द्यावी आणि मग वर वळवून आत घ्यावी, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाशी पागोळीसारखे गळून जाते. यास एक पैसाही लागत नाही, आणि तरीही दहा जागी पाहिल्यास फार थोड्या ठिकाणी केलेले आढळते.

विजेचा कडकडाट आपल्याकडे मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात अधिक. छपरावरची तबकडी आणि तिची तांब्याची केबल हा विजेला घरात येण्याचा मार्ग ठरू शकतो. केबल आत येते तेथेच दाबवाढ-रोधक बसवावा आणि तो इमारतीच्या अर्थिंगशी आखूड तारेने जोडावा. तबकडीचा खांबही त्याच अर्थिंगशी जोडलेला हवा. वेगवेगळी, परस्परांशी न जोडलेली अर्थिंग धोका वाढवतात. कोरड्या जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. जागा ओलसर निवडावी आणि तिची मोजणी मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना करून घ्यावी. पावसाळ्यात घेतलेला आकडा सर्वांनाच आवडतो, पण त्यावर विसंबता येत नाही. अंतर शंभर मीटरहून अधिक असेल, किंवा शाळेतून ग्रामपंचायतीच्या वेगळ्या इमारतीत माहिती न्यावयाची असेल, तर धातूविरहित प्रकाशतंतू केबल वापरावी. तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे पलीकडच्या यंत्राला विजेची झळ या वाटेने पोहोचत नाही.

राहता राहिली नोंद. तबकडी जडसंग्रह नोंदवहीत चढते, केबल मात्र कोठेच दिसत नाही. तिची लांबी, तारेची जाडी, आवरणाचा प्रकार, बसविल्याची तारीख आणि कोणत्या भिंतीतून ती आत येते याचा एक साधा आराखडा त्याच पानावर लिहून ठेवावा. बदली होऊन नवीन ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापक आले की त्यांना जुलैच्या पावसात केबल शोधत फिरावे लागू नये.

बाजारातून आणलेले दोन तुकडे मी सोबत ठेवले आहेत. एक तांब्याचा आहे, दुसरा मुलाम्याचा. दोन्ही दिसावयास सारखेच आहेत आणि कोणता कोणता हे मी सांगणार नाही. चाकू टेबलावर ठेवतो. ज्यांना खरवडून पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे.