मगर, मुंगूस आणि मोसम

(महाड-पोलादपूर परिसरातल्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी कसं सुधारावं यावर बोला, असं मला सांगितलंय. व्याकरणावर मी बोलणार नाही, त्यासाठी चांगली पुस्तकं आहेत. मी शब्दांवर बोलणार आहे, कारण आपली मुलं मुलाखतीत अडतात ती बहुतेक वेळा शब्दापाशी. वाक्याची सुरुवात बरोबर होते, आणि मग डोळ्यांसमोरच्या वस्तूचंच नाव आठवत नाही. मराठी माध्यमातली असोत की उर्दू, दोघांचं दुखणं एकच. त्यावर उपाय म्हणून रोज पन्नास शब्दांची यादी पाठ करायची आणि पुढच्या जुम्म्यापर्यंत विसरायची, हे आपण वर्षानुवर्षं करत आलोय.

माझं म्हणणं एवढंच की, शब्द शिकायचे तर घराबाहेर पडा. पाच-सहा जण, एक वही, अर्धा दिवस. वहीत आधी आपल्या घरातला शब्द लिहायचा, कोकणी असेल तर कोकणी, उर्दू असेल तर उर्दू. त्याच्यासमोर इंग्रजी. आणि ती वस्तू दिसत असतानाच एक वाक्य मोठ्याने बोलायचं. दिवसाला दहा शब्द, अकरावा नको.

महाडपासूनच सुरुवात करू. सावित्रीच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. 'क्रोकोडाइल' सगळ्यांना येतं. पण आपल्या नदीतल्या या जातीचं इंग्रजी नाव काय? मगर! स्पेलिंग एम, यू, दोन जी, ई, आर. आपल्याच भाषांतून गेलेला शब्द. रस्त्यात अडवून लुटणाऱ्यालाही इंग्रजीत नेमका हाच शब्द आहे, पण त्याचं मूळ वेगळं. तेव्हा बातमी वाचताना जपून. आता वाक्य: 'द मगर इज बास्किंग ऑन द बँक.' बास्क म्हणजे ऊन खाणं, बँक म्हणजे नदीचा काठ. यादीत हे वाचलं असतं तर मगर बँकेच्या काउंटरवर पहुडली आहे असं वाटलं असतं. नदी समोर असली की अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बघायचं मात्र लांबून. पाण्याच्या कडेला जायचं नाही.

इंग्रजी परकी आहे, मोठ्या लोकांची आहे, ही भीती आपल्या घरांत फार. तिच्यावर मला तरी हाच उतारा सापडला आहे. बांधावरून पळणारं मुंगूस बघा. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द मराठीतूनच गेला. फक्त अनेकवचन करताना 'गूस'चं 'गीस' होतं तसं इथे करू नका, 'मंगूसेस' म्हणा. चिंचेला 'टॅमरिंड' म्हणतात. तो अरबी 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. 'मान्सून' म्हणजे अरबी 'मौसिम', आपला मोसम. अरब खलाशी वाऱ्याचा मोसम धरून या किनाऱ्यावर यायचे. त्यांच्याकडून तो पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे इंग्रजीत. कोकणी मुसलमानांच्या कित्येक घराण्यांच्या आठवणी त्याच दर्यावर्दी व्यापाराशी जोडलेल्या आहेत. म्हणजे हा शब्द आपल्या दारावरून गेलाय, आणि आपण तो क्लासची फी भरून विकत घेतो.

एक चूक सगळीकडे दिसते. कोल्हा म्हणजे 'फॉक्स', असं शाळेत शिकवतात. आपल्याकडे रात्री कोल्हेकुई ऐकू येते तो 'जॅकल', हा शब्द फारसीतून आलेला. फॉक्स म्हणजे खोकड, उघड्या माळरानावरचा प्राणी. गोष्टीत चाललं, पण समोरच्याला खरी माहिती द्यायची असेल तर चालत नाही.

आता पोलादपूरकडे. इथे शब्द नीट कळणं ही निव्वळ इंग्रजीची गोष्ट राहत नाही. जुलै २०२१ मध्ये काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. त्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. सावित्री तिथेच उगम पावते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलंत की 'कॅचमेंट' हा शब्द कळतो: डोंगराच्या ज्या उतारांवरचं पाणी आपल्या नदीत येतं तो सगळा प्रदेश, आपलं पाणलोट क्षेत्र. महाडात ऊन असलं तरी वर काय चाललंय ते का विचारायचं, हेही कळतं.

हवामान खात्याचे शब्द मोबाईलवर इंग्रजीतच फिरतात आणि आपण ते नुसते पुढे ढकलतो. 'हेवी' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. 'व्हेरी हेवी' २०४.४ पर्यंत. त्याच्यावर 'एक्स्ट्रीमली हेवी'. बोलताना आपल्याला 'व्हेरी' आणि 'एक्स्ट्रीमली' सारखेच वाटतात, इशाऱ्यात ते सारखे नाहीत. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे 'वॉच', लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे 'अलर्ट', तयारीत राहा. लाल म्हणजे 'वॉर्निंग', आता हालचाल करा. उतारावर नवा 'क्रॅक' पडला, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, ही दरडीची लक्षणं असतात. हे शब्द पाऊस संपल्यावर, कोरड्या दिवसात डोंगराखाली उभं राहून शिका आणि घरी गेल्यावर घरच्यांना आपल्या भाषेत सांगा.

मुलींबद्दल बोलायलाच हवं. मुलगे भटकतील आणि मुली घरी बसून यादी पाठ करतील, असं होणार असेल तर मला यात रस नाही. परवानगीची अडचण असेल तर आईला, खालाला सोबत आणा. सोबत म्हणून नव्हे, त्यांच्याइतकी नावं तुम्हाला येत नाहीत म्हणून. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं त्या लांबून ओळखतात. शेवळाला इंग्रजीत रोजच्या वापरातलं नाव नाही. मग वर्णन करा: पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी, नीट शिजवली नाही तर घसा खाजवते. एवढं इंग्रजीत सांगता आलं तर मुलाखतीत शब्द अडला तरी तुम्ही अडणार नाही.

पहिली फेरी गांधारपाल्याची करा. शहराजवळ आहे, महामार्गालगत. 'केव्ह', 'पिलर', 'बसाल्ट' हे शब्द चढतानाच मिळतील; तो काळा दगड हाताने चाचपून बघा. वर गेलात की खाली बघून 'फ्लडप्लेन' लिहा, आणि त्यात आपलं घर कुठे आहे ते शोधा. सकाळी लवकर निघालात तर जुहरच्या आधी घरी पोचाल.