जुलाब आणि जलसंजीवनी



पावसाळ्यात कुटुंबवैद्यांकडे येणाऱ्या मातांचा प्रश्न बहुधा एकच असतो : बाळाला जुलाब होत आहेत, सलाईन लावावे काय? वस्तुतः खरा धोका शरीरातील पाणी व क्षार घटण्याचा असतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोड्याचे द्रावण पाजले. कॉलऱ्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

तेच तत्त्व जलसंजीवनीच्या पुडीत आहे. मोठी पुडी उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात विरघळवावी, थोडीथोडी पाजावी. २४ तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. स्तनपान चालूच ठेवावे. बाळ सुस्तावल्यास, पिईनासे झाल्यास वा शौचातून रक्त गेल्यास मात्र तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. हे ज्ञान घरोघरी पोहोचविणे शिक्षक व पंचायत सदस्यांच्या हाती आहे.