ताण, संप्रेरके आणि आपला मेंदू
(सुवर्ण महोत्सवानिमित्त लोणी काळभोर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मला मनःशांतीवर बोलावयास सांगण्यात आले होते. तो अधिकार साधू-साध्वीजींचा. माझा प्रांत शरीराचा. म्हणून मी ताणाविषयी, आणि तुमच्या-माझ्या करांतून चालणाऱ्या त्यावरील संशोधनाविषयी बोलेन.

सोलापूर रस्त्यावर ज्याचे दुकान आहे त्यास ताण म्हणजे काय हे सांगावयास नको. उधारी थकलेली असते, हप्ता तोंडावर आलेला असतो, आणि मुलगा टँकरांच्या गर्दीतून दुचाकीवर घरी यावयाचा असतो. अशा वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला निरोप जातो, तिच्याकडून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते आपले शत्रू नव्हे. पहाटे जागे होण्यास तेच साहाय्य करते. संकटात रक्तातील साखर वाढवून शरीराला बळ देते. संकट सरले की मेंदूच त्याची वाढलेली पातळी ओळखून ही यंत्रणा आवरती घेतो. संकट सरतच नाही, तेव्हा बिघाड सुरू होतो.

1968 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की उंदरांच्या शरीरातील असेच संप्रेरक हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात जाऊन बसते. पुढील महत्त्वाचे काम आपल्या देशात झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बेंगळुरू येथील जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. परंतु भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डलामध्ये त्या उलट वाढल्या होत्या. 2004 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली : एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतरही अमिग्डलातील ती वाढ व उंदरांची भयग्रस्तता कायम राहिली. ‘झाले गेले विसरून जा’ असे आपण किती सहज म्हणतो!

याच संस्थेच्या मुंबईतील कुलाबा येथील प्रयोगशाळेत डॉ. विदिता वैद्य यांनी बालवयातील ताणाचा अभ्यास केला. पिलांना रोज काही काळ आईपासून दूर ठेवले, तर मोठेपणीही त्यांच्या वर्तनावर त्याची छाया उरते, आणि त्यात सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचा वाटा असतो, हे त्यांच्या गटाच्या कामातून दिसले. या कार्याबद्दल त्यांना 2022 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. संस्थेचा खर्च केंद्र सरकारचे अणुऊर्जा खाते करते. म्हणजे त्यात आपलाही पैसा आहे.

आता तुमच्या मनातील प्रश्न मीच मांडतो. उंदराला जखडणे, पिलाला आईपासून तोडणे, आणि शेवटी मेंदू तपासण्यासाठी त्याचा जीव घेणे, ही हिंसाच नव्हे काय? हिंसाच आहे. तिला दुसरे सौम्य नाव देऊन सुटका करून घेणे मला मान्य नाही. मनुष्याच्या मेंदूतील पेशीची फांदी जिवंतपणी अशी मोजता येत नाही, ही संशोधकांची अडचण खरी आहे. पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, जेथे शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे सांगितले आहे. पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, ही त्रिसूत्री तर 1959 पासून विज्ञानजगतात मांडलेली आहे. ती कितपत पाळली जाते, हे विचारण्याचा करदाता म्हणून आपल्याला अधिकार आहे. आपला समाज पांजरपोळांना मुक्तहस्ते दान देतो. प्राण्यांविना होणाऱ्या संशोधनासाठी एखादी शिष्यवृत्ती द्यावी असे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते.

असे संशोधन आपल्या पुण्यातही झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांच्या मुलांना नवव्या वर्षी अवधान व स्मृतीच्या काही चाचण्यांत कमी गुण मिळाले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. दूध-दह्यातून काही मिळते, पण ते पुरेसे ठरेलच असे नाही. शाकाहार सोडण्याचे काहीएक कारण नाही. सुनेची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास गोळी द्यावी.

अवघड विषय शेवटी घेतो. आपल्याकडे मधुमेहाची गोळी पंगतीत सर्वांसमोर घेतली जाते, नैराश्याची मात्र कपाटात लपवावी लागते. स्थळे यावयाची असतात ना! 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे 10.6 टक्के प्रौढांना उपचारयोग्य मानसिक विकार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते. आपली घरे त्याला अपवाद असतील असे मानावयास मला आधार दिसत नाही. औषध प्राण्यांवर तपासलेले आहे म्हणून ते नाकारणारेही मला भेटतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. तथापि खाटेवर पडलेला आपला मुलगा हाही जीवच आहे, त्याची पीडा वाढू देणे अहिंसेत कसे बसते, हे त्यांनी मला समजावून सांगावे.

ज्यांना घरात बोलणे अशक्य वाटते त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. मराठीतही बोलता येते. विश्वस्तांना विनंती आहे की हा क्रमांक उपाश्रयाच्या फलकावर, पाठशाळेच्या वेळापत्रकाशेजारी लिहावा. जय जिनेंद्र.