स्वस्त औषध, महाग उपेक्षा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



एचआयव्हीचा प्रश्न आता सुटला, अशी एक सुखद समजूत सुशिक्षितांत रूढ झाली आहे. ती अगदीच निराधार आहे असे नाही. 1 एप्रिल 2004 पासून या विषाणूवरील औषधे भारतात सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली. ती नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्हीचा प्रसार होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. देशातील सुमारे 25 लाख बाधितांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होय. तथापि त्याच देहात उपदंश, परमा, जननांगांची नागीण यांसारखे संसर्गही नांदत असतात, आणि एचआयव्हीवरील औषधे त्यांपैकी एकालाही बरे करीत नाहीत.

हे रोग परस्परांना साह्य करतात. उपदंशाच्या व्रणातून एचआयव्हीला शरीरात शिरण्यास वाट मिळते. जंतूंशी झुंजण्यासाठी तेथे जमणाऱ्या पांढऱ्या पेशींतच हा विषाणू घर करतो. उलट बाजूने, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की उपदंश मज्जासंस्थेपर्यंत पोहोचण्याची भीती वाढते. पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका एचआयव्हीबाधित स्त्रीला इतर स्त्रियांच्या सहापट असतो. यातील अनेक संसर्ग, विशेषतः स्त्रियांत, कोणतेही लक्षण न दाखविता राहतात. म्हणून 'त्रास झाला तर या' हा सल्ला येथे व्यर्थ ठरतो.

टांझानियातील म्वांझा प्रांतात 1991 ते 1994 या काळात एक प्रयोग झाला. ग्रामीण आरोग्यकेंद्रांतील सेवकांना गुप्तरोगांच्या उपचाराचे शिक्षण दिले, औषधांचा पुरवठा अखंड ठेवला आणि देखरेख केली. दोन वर्षांत त्या गावांतील एचआयव्हीची नवी लागण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळली. युगांडातील राकाई येथे मात्र सरसकट सर्वांना ठराविक काळाने औषधे वाटूनही तशी घट दिसली नाही. यावरून कोणी म्हणेल की गुप्तरोगांवर खर्च करणे निष्फळ आहे. हा युक्तिवाद मुळातच सदोष आहे. रुग्णाचा उपदंश बरा करावयाचा तो इतरांच्या संरक्षणासाठीच काय? तो रुग्ण आहे, एवढे कारण पुरेसे नाही काय?

आता अर्थकारण पाहू. प्रारंभावस्थेतील उपदंश बेंझाथिन पेनिसिलिनच्या एका मात्रेने बरा होतो. गर्भवतीसाठी तर तेच एक शिफारस केलेले औषध आहे. त्यावर कोणाचे पेटंट नाही, किंमत अल्प आहे. आणि नेमके हेच त्याचे दुर्दैव! ज्यात नफा नाही ते बनविण्यास कारखानदार उत्सुक नसतो. 2016 साली जागतिक आरोग्य सभेला या औषधाच्या टंचाईची दखल घ्यावी लागली. ज्या देशाने 1954 साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभारला, पेनिसिलिन ही राष्ट्राची गरज मानली, तोच देश पुढे स्वस्त आयातीच्या मोहात मूळ पेनिसिलिनसाठी चीनवर विसंबला. 2020 साली सरकारने पेनिसिलिन-जीच्या देशी उत्पादनासाठी कारखानदारांना अनुदानाची योजना जाहीर केली. जे आपल्या मालकीचे होते, ते गमावल्यावर पुन्हा पैसे मोजून मिळविण्याचा हा प्रकार होय.

दुसरी उपेक्षा खिडक्यांची. एचआयव्हीचे औषध एका खिडकीवर, गुप्तरोगाची तपासणी दुसऱ्या विभागात, गर्भाशयमुखाची तपासणी तिसऱ्या दिवशी! ऊसतोडणीवरील बाईचा प्रत्येक फेरीला एक खाडा होतो, आणि त्या खाड्याची किंमत तिच्या मजुरीतून जाते. त्यात गुप्तरोगाच्या दारात उभे राहण्याची लाज. मग ती येत नाही, आणि 'रुग्ण उदासीन आहे' अशी नोंद होते. उदासीन कोण, रुग्ण की व्यवस्था?

कार्यकर्त्यांनी यासाठी नेमक्या मागण्या धरून बसणे अगत्याचे आहे. एचआयव्ही केंद्रावर औषध घेण्यास आलेल्या प्रत्येकाची उपदंशाची तपासणी त्याच भेटीत, त्याच छताखाली व्हावी. स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी वयाच्या पंचविशीपासून ठराविक काळाने व्हावी. प्राथमिक आरोग्यकेंद्रात पेनिसिलिनचा साठा आहे की नाही, हे विचारणारा एक तरी माणूस गावात असावा. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गुप्ततेचा हक्क दिला आहे. तो कागदावरून दवाखान्यात उतरवावा. निरोधाची गोष्ट संकोच न बाळगता बोलावी.

नीतिमत्तेच्या गप्पांनी आजवर एकही व्रण भरून आलेला नाही. जो रोग एका सुईने जातो, तो एखाद्या मजुराच्या देहात राहिला, तर तो त्याच्या चारित्र्याचा पुरावा नसून समाजाच्या हिशेबातील चूक आहे. ती दुरुस्त करणे हेही समाजवादाचेच काम आहे.