वेग, जडत्व आणि आपली मुले



अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अंथरला गेला व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता नवा झाला. न्यूटनचे नियम मात्र 1687 सालचेच आहेत.

मोटारसायकल अडथळ्यावर आदळून थांबली, तरी स्वार जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे फेकला जातो. ताशी 60 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे 14 मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, भूमीवर पडणे होय. वेग दुप्पट केला की ही उंची चौपट होते, म्हणजे सुमारे 57 मीटर! हे गणित आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मांडले. मुले गुण मिळवीत आणि विसरून जात.

दहावीचा निकाल लागताच मुलास मोटारसायकल घेऊन देण्याची चाल आपल्या घरांत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळतही नाही. पुढे योग्य वयात गाडी घ्याल, तेव्हा शिरस्त्राण त्याच दिवशी घ्यावे. धडकेत त्याच्या आतील जाड थर दबतो व डोके थोडे अधिक अंतर जाऊन थांबते. थांबण्याचे अंतर वाढले की डोक्यावरील बल त्या प्रमाणात घटते. पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला नसेल, तर डोके आपटण्यापूर्वीच शिरस्त्राण निसटून जाते.