कोयत्याचे देणे

(दुष्काळनिवारण समितीच्या कोल्हापूर येथील सभेत झालेले भाषण. वर्गणीदारांच्या माहितीसाठी समितीच्या विनंतीवरून येथे छापले आहे.)



निधीसाठी भरलेल्या सभेत वक्त्याने प्रथम श्रोत्यांच्या दातृत्वाची स्तुती करावी असा प्रघात आहे. तो मोडल्याबद्दल क्षमा असावी. दान हा शब्द बाजूस ठेवून मी आज देणे हा शब्द योजणार आहे व त्याचा हिशेब आपणांपुढे मांडणार आहे. आपण पेढीवर बसणारी माणसे आहात. आपणांस स्तुतीहून हिशेब लवकर पटतो.

प्रथम जमेची बाजू पाहू. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे आणि गुप्त मानिलेल्या सरस्वतीचे पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीहून पुढे वाहते व नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. तरीही केवळ नद्या असल्याने बागायत होत नाही. पावसाळ्यात आलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकवावे लागते. हे ओळखूनच छत्रपती शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. पैशाच्या अडचणीमुळे ते रखडले. महाराज १९२२ साली निवर्तले, आणि धरण पुरे झाले ते १९५० नंतरच्या दशकात. धरणाखाली नदीत दगडी खांब उभारून, पाऊस ओसरला म्हणजे त्यांच्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडविण्याची जी रीत येथे रूढ झाली, तिला सारा महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखतो. १८९५ साली महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली, तिच्यात गुळाचा व्यापार वाढला, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही लाभले. ही सर्व आपली जमा.

आता नावेची बाजू. ढेप पेढीवर येते तेव्हा ती पिवळीधमक व गोड असते. तिच्यावर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. परंतु तिच्यामागे किती हात आहेत, हे गुऱ्हाळावर एक रात्र बसल्याखेरीज कळत नाही. चुलवाणापुढे जळव्या चिपाडे सारीत असतो. त्याच्या अंगाची लाही होते. काहिलीतील रसावर भेंडीचे पाणी घालून मळी काढतात. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो व काहील उतरविण्याचा क्षण ठरवितो. तो क्षण चुकला तर शेतकऱ्याचे वर्ष चुकते. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही, आणि ती जाणणाऱ्याच्या नावावर बहुधा गुंठाभरही जमीन नसते.

याहून मोठे देणे ऊसतोडणी मजुरांचे आहे. दिवाळीच्या सुमारास बीड व त्या बाजूच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या हंगामासाठी आपल्याकडे उतरतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते व ती हंगामभर राबून फेडावयाची असते. नवरा व बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. सभ्यहो, या शब्दाचा क्षणभर विचार करा. दोन माणसांची गणती आपण एका हत्याराच्या नावाने करितो! पहाटेच्या थंडीत ती फडात उतरतात. बाई मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढविते, आणि तिचे मूल पाचटावर निजलेले असते. आजारपणात दिवस मोडला तर खाड्याची रक्कम उचलीतून वळती होते. मुलांची शाळा गावी राहते व मुले येथे खोपटात राहतात.

कोणी म्हणेल, “आपल्या जिल्ह्यात पाणी आहे, परजिल्ह्याच्या दुष्काळाचा भार आम्ही का वाहावा?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. त्यांच्या गावी पाऊस चुकतो म्हणूनच ती माणसे आपल्या फडात येतात. त्यांचा दुष्काळ हा आपल्या हंगामाचा आधार झाला आहे. ज्या कोरड्या जमिनीमुळे आपणांस मजूर मिळतो, तिच्या दुःखाशी आपला संबंध नाही असे म्हणणे हिशेबात बसत नाही. दुसरा आक्षेप असा की, मजुरी दिली म्हणजे देणे फिटले. मजुरी ही हंगामाची होय. हंगाम संपल्यावर चैत्र-वैशाखात विहीर आटते, दावणीचे जनावर कडब्यावाचून उभे राहते व पुढील उचलीची बोली आत्ताच करावी लागते. त्या चार महिन्यांचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

मदत केव्हा पोहोचते यावर तिचे मोल ठरते. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराज तरुण होते. राज्यकारभार हाती येऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी स्वतः गावोगाव फिरून स्थिती पाहिली, स्वस्त धान्याची दुकाने उघडविली, रस्ते व तलावांची कामे काढिली, जनावरांच्या चाऱ्याची तजवीज केली, आणि कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहेही चालविली. त्यांतील मर्म असे की, शेतकऱ्याचा बैल विकला जाण्यापूर्वी त्याला उभे केले पाहिजे. बैल व बियाणे गेल्यावर दिलेले धान्य माणूस जगविते, पण शेतकरी म्हणून त्याला उठवीत नाही. १९७२ च्या दुष्काळातही खडी फोडणाऱ्या हातांनीच महाराष्ट्र तगला, व त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

आपणांवरही वेळ आली होती. २०१९ च्या श्रावणात पंचगंगेच्या व कृष्णेच्या पुराने शिरोळ-करवीरची गावे वेढली, उभा ऊस कुजला, दावणीची जनावरे वाहून गेली. २०२१ साली पुन्हा तेच झाले. तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून धान्य, कपडे व चारा घेऊन गाड्या आल्या. देणाऱ्यांनी आपला जिल्हा कोणता हे विचारिले नाही.

म्हणून माझी विनंती तीन प्रकारची आहे. व्यापारी बंधूंनी विक्रीच्या ढेपेमागे स्वेच्छेने काही रक्कम धर्मादाय खाती बाजूस काढावी, आणि ती सुकाळाच्या वर्षीच काढावी. कारण दुष्काळात जमविलेला निधी उशिराच पोहोचतो. बागायतदारांनी उसाचे वाढे व कडबा समितीच्या चारा-साठ्यास द्यावा. आणि ज्यांच्या फडात टोळ्या उतरतात, त्यांनी निदान पिण्याचे पाणी, रात्रीचा दिवा व मुलांना जवळच्या शाळेपर्यंत नेण्याची सोय इतके तरी करावे. यास फार पैसा लागत नाही, लक्ष लागते.

आपल्या घरी सण-समारंभाचा आरंभ गुळाच्या खड्याने होतो. तो खडा तोंडात घालताना ज्या हातांनी ऊस तोडिला ते हात या वैशाखात रिकामे तर नाहीत ना, एवढे आपण स्वतःस विचारावे. समितीची वही सभागृहाच्या दाराशी ठेविली आहे. जाताना आपला आकडा त्यात लिहावा, आणि तो नावेच्या बाजूस लिहितो आहोत हे ध्यानी असू द्यावे.