वर्गणीची वही आणि बदललेला दाता
(दुष्काळ निवारण समितीच्या सर्वसाधारण सभेंत झालेलें भाषण)



समितीचा अहवाल चिटणिसांनीं आतांच वाचून दाखविला. जमाखर्चाचें पत्रक आपणां सर्वांच्या हातीं आहे; तें पुन्हा वाचून मी आपला वेळ घेत नाहीं. त्यांतील एकाच गोष्टीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. देणगीदारांची संख्या मागील दुष्काळापेक्षां वाढली आहे, आणि तरीहि हातांतील शिल्लक चैत्र संपेपर्यंत पुरेल असें दिसत नाहीं. पाण्याचे टँकर मात्र आषाढापर्यंत चालवावे लागणार. हें असें कां व्हावें?

लोकांची दानत गेली, असें कित्येक म्हणतात. मला तें पटत नाहीं. पूर्वीं चार प्रतिष्ठित गृहस्थ वर्गणीची वही घेऊन पेठेंत निघत. एखाद्या मोठ्या आडत्याच्या गादीवर प्रथम बसावयाचें, त्याच्याकडून चांगला आंकडा घालून घ्यावयाचा, म्हणजे त्याखालीं अगदीं लहान आंकडा लिहिण्यास पुढच्या दुकानदारास संकोच वाटे. मीं स्वतः अशा वह्या फिरविल्या आहेत, आणि त्या आंकड्यांत दयेपेक्षां भिडेचा भाग कमी नसे, हें कबूल करतों. परंतु त्या भिडेबरोबर विश्वासहि असे. पैसे घेऊन जाणारा मनुष्य उद्यां पुन्हा त्याच रस्त्यानें जावयाचा होता.

आज त्या आडत्याचा मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास नोकरीवर आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेमुळें तो घरबसल्या क्षणांत पैसे धाडतो. परंतु तो आम्हांस ओळखत नाहीं व आम्ही त्यास ओळखत नाहीं. एखादें चित्र पाहून त्याचें मन द्रवतें, तो एकदां देतो, आणि दुसऱ्याच आठवड्यांत निराळ्या संकटाचें चित्र त्याच्यापुढें येतें. पुराचें चित्र एका रात्रींत तयार होतें. विहीर आटतांना मात्र आवाज होत नाहीं. तिचा तळ पौषांत दिसूं लागतो, वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें वैशाखांत, आणि कडबा तर सुगीवर, फाल्गुनांतच, घेतला पाहिजे. पुढें शेंकड्यास काय भाव पडतो हें येथील शेतकऱ्यांस मीं सांगावयास नको. उशिरां आलेल्या रुपयांत गुरांच्या तोंडीं थोडेंच पडतें.

आतां कायद्याची बाजू. माझा धंदाच तो. आयकराची सूट मिळते म्हणून मार्चअखेर कांहीं व्यापारी मंडळी आम्हांस आठवीत असत. २०२० सालीं जी नवी करपद्धति निघाली तींत आमच्यासारख्या संस्थांस दिलेल्या देणगीची वजावट मिळत नाहीं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, जुनी पद्धति मुद्दाम पत्करल्याखेरीज, ही नवीच लागू होते. तेव्हां त्या सुटीच्या आशेवर आमचें अंदाजपत्रक रचूं नये.

मोठ्या कंपन्यांकडे जावें, अशीहि सूचना आली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वयें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यासाठीं खर्च करावयाचे आहेत. परंतु कंपनीचें काम जेथें चालतें त्या भागास अग्रक्रम द्यावा, असेंहि त्याच कलमांत म्हटलें आहे. आमच्या तालुक्यांत पाऊसहि नाहीं आणि कारखानाहि नाहीं! तलावांतील गाळ काढण्यासारख्या कामासाठीं अर्ज अवश्य करावा. उद्यांच्या टँकरचें भाडें त्यावर सोंपवूं नये.

परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांविषयींहि एक खुलासा करणें प्राप्त आहे. ज्यांचें नागरिकत्व भारतीय आहे त्यांनीं स्वतःच्या बचतींतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम आम्हांस घेतां येते. परंतु ज्यांनीं तिकडचें नागरिकत्व घेतलें, त्यांचा जन्म याच गांवीं झालेला असला तरी, त्यांची देणगी २०१० च्या कायद्याप्रमाणें परकीय ठरते. तिला सरकारी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लींतील मुख्य शाखेंतच जमा व्हावी लागते. आमच्यापाशीं नोंदणी नाहीं. म्हणून अशा दोन रकमा यंदां नाकाराव्या लागल्या. त्या गृहस्थांस वाईट वाटलें, मलाहि वाटलें.

मग करावयाचें काय? अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड वडील मंडळींस ऐकून ठाऊक असेल. माणशीं वर्षाला एक पैसा, एवढीच त्याची मागणी. त्यांतून १९०८ सालीं तळेगांवचा कांच कारखाना उभा राहिला. मला त्यांत महत्त्वाचें वाटतें तें दर वर्षीं पुन्हा देणें. महिना ५० रुपये देणारे १,००० लोक मिळाले तर दरमहा ५०,००० रुपये निश्चित येतील, आणि मग टँकरवाल्याशीं आषाढापर्यंतचा करार आजच करतां येईल. एकदम आलेल्या मोठ्या देणगीपेक्षां हा पैसा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यावर पुढचा विचार करतां येतो.

परंतु दूरच्या मनुष्यानें दर महिन्यास कां द्यावें? आमचें तोंड त्यानें पाहिलेलें नाहीं. त्यानें पाहावयाचा तो हिशेब. म्हणून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस किती खेपा झाल्या, कोणत्या वाडीस, कोणत्या दरानें, हें प्रत्येक दात्यास कळविण्याचें आम्हीं ठरविलें आहे. कारकुनाचा पगारहि त्यांत उघड लिहिला जाईल. सर्व पैसा थेट गरजूंच्या हातीं जातो, असें सांगण्याचा मोह होतो. पण हिशेब लिहिणाऱ्यासहि पोट आहे. यंदां घेतलेल्या कडब्याचा कांहीं भाग काळा पडलेला निघाला, ती हकीकत अहवालांत छापूं नये असें आमच्यांतील कांहींचें मत होतें. मीं ती छापावयास लावली. पावसांत भिजलेली गंजी आम्हीं न उकलतां घेतली, ही आमची चूक होती. दुसरा वाद छायाचित्रांवरून झाला. हंडा घेऊन रांगेंत उभ्या असलेल्या बाईचें चित्र तिला न विचारतां छापावयाचें नाहीं, असा ठराव एका मतानें मंजूर झाला आहे. त्यामुळें कांहीं देणग्या जातील, हें मला ठाऊक आहे.

मासिक वर्गणीचीं कार्डें दाराशीं ठेविलीं आहेत. त्यावर नांव, पत्ता, रक्कम व कोणत्या महिन्यापर्यंत देणार तें लिहावें. आज निश्चय होत नसेल त्यांनीं कार्ड घरीं न्यावें. कडब्याचा पुढील सौदा येत्या सोमवारीं व्हावयाचा आहे. गंजी उकलून पाहण्यास माहितगार असे दोन शेतकरी आमच्याबरोबर हवे आहेत. ज्यांस येणें शक्य असेल त्यांनीं सभा संपल्यावर चिटणिसांस भेटावें.